हिरवा ‘ग्रिंच’: ओळखायचा कसा, घ्यायचा कसा आणि आपल्या हवेत जपायचा कसा

पार्सल फोडलं तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. “कसले बूट म्हणालास?” “कोबीचे.” तिनं परातीतल्या गड्ड्याकडे पाहिलं, मग बुटाकडे पाहिलं. “रंग तरी जुळतोय,” म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याचं नाव मराठीत लिहिलं की हे होणारच. पण त्या दिवशी आईनं नकळत मुद्द्यालाच हात घातला होता, कारण या बुटात पहिली गोष्ट रंग आणि शेवटचीही रंगच. नाइकीचा कोबी ६, म्हणजे कोबीच्या नावाच्या बुटांतला सहावा, रंगसंगतीचं लाडकं नाव ‘ग्रिंच’. पोपटाला लाजवेल असा हिरवा, अंगभर सापाचे खवले, वर लाल लेस. थोड्या जोड्या आल्या, मिनिटांत संपल्या आणि तेव्हापासून लोक त्यांच्यामागे धावतायत. मीही धावलो, एकदा तोंडावर आपटलो, मग शिकलो. ते सगळं इथे ओळीनं मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हिशेब लागेल. हा बूट खेळायला केलेला आहे, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो कपाटात बंद ठेवून जपला जात नाही. ज्याला नुसता बघायचाय त्यानं पोस्टर लावावं, स्वस्तात काम होईल.

पहिली पायरी: कुठला ग्रिंच, ते ठरवा

“ग्रिंच हवाय” म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारतो, कितवा? तीन आहेत, आणि तिघांचे भाव, वय, उपयोग वेगळे.

पहिला २०१० चा. त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरवर कोबीचा संघ लेकर्स आणि मायामी हीट समोरासमोर आले. दुसरा मोठा खेळाडू लेब्रॉन जेम्स त्याच मोसमात मायामीला गेलेला, त्यामुळे सगळ्यांचे डोळे या सामन्याकडे. आपल्याकडे २६ तारखेची पहाट उजाडत होती. कोबीच्या पायात हा हिरवा बूट. लेकर्स ९६-८० असे हरले, कोबीचे गुण १७. म्हणजे आज ज्याच्यासाठी लोक पगार मोजतात तो बूट पहिल्याच दिवशी सोळा गुणांनी आपटलेला! अमेरिकेतल्या एका बालकथेत नाताळ चोरणारं, लाल टोपीतलं हिरवं खडूस पात्र आहे, ग्रिंच. नाताळचा दिवस, हिरवा बूट, लाल लेस. चाहत्यांनी नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

दुसरा २०२० चा. कोबी २६ जानेवारी २०२० ला हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ही जोडी परत आली, १८० डॉलरला. हिच्या नावापुढे ‘प्रोट्रो’ लागतं. परफॉर्मन्स आणि रेट्रो या दोन शब्दांची ती संधी: बाहेरून जुनं रूप, आतली गादी नवी.

तिसरा डिसेंबर २०२३ चा ‘रिव्हर्स ग्रिंच’. नावाप्रमाणे उलटा: बूट लालभडक, हिरवा फक्त तपशिलात. किंमत १९० डॉलर.

मधल्या काळात एक घडामोड झाली, ती भावाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. एप्रिल २०२१ मध्ये नाइकी आणि कोबीचं कुटुंब यांच्यातला करार संपला, तो मार्च २०२२ मध्ये पुन्हा झाला. करार नाही तेव्हा पुढचे कोबी येतील की नाही याचीच खात्री नव्हती, त्यामुळे ज्यांच्याकडे २०२० चा ग्रिंच होता ते एकदम सावकार झाले.

खेळायला हवा असेल तर २०२० किंवा २०२३ चा घ्या. २०१० चा मूळ बूट ही आता आठवण म्हणून ठेवायची वस्तू आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा डिंक आहे तो. कोर्टवर जोरात थांबलात आणि सोल मागे राहिला, तर दोष बुटाचा नाही.

दुसरी पायरी: शेवटचे तीन आकडे पाठ करा

नाइकीच्या प्रत्येक बुटाला एक स्टाइल कोड असतो. डब्याच्या बाजूला आणि बुटाच्या आतल्या टॅगवर तो छापलेला असतो. शेवटच्या डॅशनंतरचे तीन आकडे रंगाचे, आणि त्यातला पहिला आकडा मुख्य रंग कोणत्या घराण्यातला ते सांगतो. ० म्हणजे काळा-करडा, १ पांढरा, २ तपकिरी, ३ हिरवा, ४ निळा, ५ जांभळा, ६ लाल-गुलाबी, ७ पिवळा, ८ नारिंगी, ९ बहुरंगी.

आता आपले तिघे बघा. २०२० चा: सीडब्ल्यू २१९०-३००. हिरवा, बरोबर. रिव्हर्स ग्रिंच: एफव्ही ४९२१-६००. लाल, तेही बरोबर. आणि २०१० चा मूळ: ४२९६५९-७०१. सातनं सुरू होतो, म्हणजे कंपनीच्या वहीत तो पिवळ्यात मोडतो! बहुधा तिथे मोजला गेलेला रंग ‘व्होल्ट’, हायलायटर पेनासारखा पिवळट हिरवा. एकाच बुटाला दहा वर्षांच्या अंतरानं एकदा पिवळा आणि एकदा हिरवा म्हटलंय. या रंगाचं नाव ठरवणं किती अवघड आहे ते यावरून कळावं.

हे तीन आकडे पुढे पैसे वाचवतात. कसे, ते पाचव्या पायरीत.

तिसरी पायरी: बूट वाचायला शिका

इथे घाई करू नका. खरा-खोटा ओळखण्याची निम्मी तयारी डिझाइन समजण्यातच होते. जे आपल्याला कळलेलं नाही त्याची नक्कल पकडता येत नाही.

कोबीच्या बुटांचा डिझायनर एरिक अ‍ॅव्हार. कोबीला लहानपणापासून फुटबॉल माहीत होता, वडील इटलीत बास्केटबॉल खेळायचे तेव्हा तो तिथेच वाढला. फुटबॉलपटू घोट्याच्या खाली संपणारे बूट घालून वळतात, पळतात, धडपडतात, मग बास्केटबॉलचाच बूट घोटा झाकणारा का, असा कोबीचा प्रश्न. कोबी ४ पासून त्याचे बूट ठेंगणे झाले. सहावा त्याच वाटेवरचा. काढून हातात घ्या, वजन जाणवतं ते त्याच्या नसण्यानं.

मग खवले. कोबी स्वतःला ब्लॅक माम्बा म्हणवायचा, म्हणजे आफ्रिकेतला एक विषारी साप. एक गंमत सांगतो: ब्लॅक माम्बा अंगानं काळा नसतोच, राखाडी-तपकिरी असतो. काळं असतं ते त्याच्या तोंडाच्या आतलं. हिरवे माम्बा वेगळे, तेही आफ्रिकेतलेच. म्हणजे हिरवा बूट आणि त्यावर काळा स्वूश (नाइकीची ती बरोबरच्या खुणेसारखी निशाणी), हे बघताना मला नेहमी वाटतं की सापानं तोंड उघडलंय. अ‍ॅव्हारच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही, पण एकदा दिसलं की दिसतच राहतं.

खवला हा छापील नक्षी नाही. खाली पातळ जाळी आहे आणि तिच्यावर पॉलियुरेथेनचे छोटे छोटे उठाव बसवलेत, एकेक सुटा. नख फिरवलं की करकर अशी बारीक अडखळ लागते. खवल्यांच्या मधल्या फटी मोकळ्या असल्यामुळे बूट तिथून वाकतो आणि खवला पायाला धरून ठेवतो. सापाच्या कातडीचं कामही असंच चालतं. दिसणं आणि काम एकाच गोष्टीतून साधलंय, म्हणून हा सहावा भाऊ इतर भावांपेक्षा जास्त गाजला असं माझं मत आहे. नुसता रंग असता तर दोन वर्षांत विसरले असते.

आता रंग. हे घरी करून बघा: बुटाचा चांगला फोटो मोबाइलवर उघडा आणि अंगठ्यानं लाल लेस झाका. बूट एकदम मलूल होतो. हिरवा तोच असतो, पण त्याची झिणझिण जाते. लाल आणि हिरवा रंगचक्रात समोरासमोर बसतात, शेजारी आले की एकमेकांना चढवतात. आपल्याकडे हे कुणाला शिकवायला नको. हिरव्या लुगड्याला लाल काठ का शोभतो ते घरात विचारा. पण काठ हा काठाएवढाच हवा. निम्मं लुगडं लाल केलं तर डोळ्यांना त्रास. या बुटात लाल नेमका तेवढाच आहे: लेस आणि जिभेवरचं कोबीचं चिन्ह, तलवारीच्या म्यानावरून घेतलेलं. आणि दोघांची भांडणं सोडवायला मध्ये काळा स्वूश. तो नसता तर हा बूट खेळण्यातला वाटला असता.

हिरवाही एक नाही. सफरचंदी हिरवा आणि व्होल्ट असे दोन आहेत, ऊन तिरकं पडलं की फरक कळतो. आणखी एक लक्षात ठेवा, मोबाइलच्या कॅमेऱ्याला निऑन रंग झेपत नाहीत. एकाच जोडीच्या दोन फोटोंत एकदा लिंबू दिसेल, एकदा पोपट. त्यामुळे “रंग वेगळा वाटतोय, म्हणजे खोटा” हा निष्कर्ष नुसत्या फोटोवरून काढू नका. विकणाऱ्याला सांगा, दिवसाच्या उजेडात, सावलीत, बुटाशेजारी पांढरा कागद ठेवून फोटो पाठवा. कागद पांढरा दिसत असेल तर हिरव्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

चौथी पायरी: माप आणि वाट

आपल्याकडे दुकानात यूकेचं माप विचारतात, परदेशातल्या यादीत यूएसचं असतं. नाइकीच्या पुरुषांच्या नेहमीच्या मापांत यूएस ९ म्हणजे यूके ८, यूएस १० म्हणजे यूके ९. गोंधळ नको असेल तर सेंटिमीटर बघा, टॅगवर तेही असतं: यूएस ९ ला २७, यूएस १० ला २८. संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, खेळायचे जाड मोजे घालून कागदावर टाच ते अंगठा मोजा. कोबी ६ अरुंद आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची पावलं पुढे पसरट असतात (लहानपण चपलेत गेलेलं). तसं असेल तर अर्धं माप वर जा. खवले ताणले जातात अशी आशा ठेवू नका. जाळी सैलावते, खवला नाही.

घ्यायचा कुठून, याच्या तीन वाटा आहेत.

नवी जोडी बाजारात येते तेव्हा बहुतेक वेळा ड्रॉ असतो. ठरलेल्या वेळात नाव नोंदवायचं, माप निवडायचं, कार्डाची माहिती द्यायची आणि नशिबाची वाट बघायची. नाव नोंदवण्याआधी पत्ता आणि कार्ड अ‍ॅपमध्ये भरून ठेवा. ऐन वेळी ओटीपीसाठी फोन शोधत बसलेले लोक मी पाहिलेत, त्यात मीही होतो. मुंबईचं सुपरकिक्स, दिल्लीहून सुरू झालेलं वेजनॉनवेज अशी दुकानं मर्यादित जोड्यांसाठी लक्ष ठेवण्यासारखी. आधीच येऊन गेलेल्या ग्रिंचला मात्र ही वाट बंद आहे. ती फक्त पुढच्या वेळेसाठी.

दुसरी वाट रिसेलची, म्हणजे कुणीतरी आधी घेतलेली जोडी पुन्हा विकत घ्यायची. स्टॉकएक्स, गोट यांसारखे परदेशी बाजार मधे बूट तपासून मग पुढे पाठवतात. आपल्याकडे मेनस्ट्रीट आहे, ते सुरू झालं पुण्यात. इथे किंमत मूळ किमतीच्या कित्येक पट असते आणि मापानुसार बदलते. परदेशातून मागवताना यादीतल्या आकड्याला भुलू नका. पाठवणीचा खर्च, त्यावर कस्टम ड्युटी, त्यावर आयजीएसटी आणि कुरियरवाल्याचं हाताळणी शुल्क, असं सगळं एका कागदावर लिहून मगच बटण दाबा. मी पहिल्या वेळी लिहिलं नव्हतं. कुरियरचा माणूस दारात उभा आणि मी शेजाऱ्यांकडे सुटे नाही, नोटाच मागत होतो.

तिसरी वाट आपली खास: न्यू जर्सीचा मामेभाऊ. गणपतीला येतोय कळलं की यादी जाते. त्याला दोन गोष्टी सांगा. एक, बिल जपून ठेव आणि सामानाची ड्युटी-फ्री मर्यादा तपास. दोन, जागा नाही म्हणून डबा टाकून देऊ नकोस. डब्यावरचं लेबल हा अर्धा पुरावा आहे. डबा घडी करून बॅगेच्या तळाशी बसतो, आणि बुटांच्या पोटात मोजे भरले तर जागाही जात नाही.

पाचवी पायरी: खरा की फर्स्ट कॉपी

माझी फसवणूक इथे झाली. एका ओळखीच्याच्या ओळखीच्यानं मॉलच्या पार्किंगमध्ये भेटायला बोलावलं. संध्याकाळ, पिवळे दिवे. बूट हिरवा, खवले जागच्या जागी, डबा घट्ट. किंमत बाजारापेक्षा कमी, पण संशय यावा इतकी नाही. इथेच त्याची हुशारी. पैसे दिले, घरी आलो, ट्यूबलाइटखाली टॅग वाचला. कोडच्या शेवटी ००१. हिरव्यागार बुटावर काळ्याचा नंबर. कुणीतरी दुसऱ्याच जोडीचा टॅग शिवून दिला होता. फोन केला तर नंबर बंद.

तेव्हापासून मी हा क्रम मोडत नाही.

भेटण्याआधी आतल्या टॅगचा जवळून फोटो मागवा, दोन्ही बुटांचा. कोड जसाच्या तसा शोधयंत्रात टाका. दुसराच बूट समोर आला तर बोलणं तिथेच संपवा. कोड बरोबर निघाला म्हणून मात्र नाचू नका, नकली करणाऱ्यांनाही तो वाचता येतो. ती फक्त पहिली चाळणी.

टॅगवर उत्पादनाच्या तारखा असतात. २०२० च्या डिसेंबरात आलेला बूट त्याआधी तयार झालेला असणार. टॅगवरची तारीख विक्रीच्या नंतरची असेल तर विकणाऱ्यालाच समजावून सांगायला सांगा. टॅग आणि डबा यांच्यावरचा कोड, माप आणि बारकोडखालचा क्रमांक एकच हवा.

विकणाऱ्याला एका चिठ्ठीवर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून, ती चिठ्ठी बुटात ठेवून फोटो पाठवायला सांगा. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोंवर विकणारे इथे गळतात. “विश्वास नाही का?” असं म्हणाला तर हो म्हणा.

बूट हातात आल्यावर उजेडात जा. नख खवल्यांवरून टाचेकडून पुढे न्या. खऱ्यात प्रत्येक खवल्याची कड वेगळी लागते. बऱ्याच नकलांत उठाव कमी असतो आणि वरून चकचकीत लेप दिलेला असतो, त्यामुळे नख घसरतं. मग बूट पंज्याजवळ हलकेच वाकवा. खवल्यांच्या फटी उघडल्या पाहिजेत. सगळा पृष्ठभाग एका पापुद्र्यासारखा सुरकुतला तर संशय घ्या. आतलं इनसोल उचला. शिवण सरळ आहे का, डिंकाचे ओघळ आहेत का. शेवटी नाक जवळ न्या. नव्या बुटाला वास असतोच, पण पंक्चरच्या दुकानात शिरल्यासारखा भपका असेल तर नको.

अतिनील टॉर्च घेऊन डिंकाच्या रेषा बघणारे बहाद्दर भेटतील. साध्या बुटात त्याचा उपयोग होतो. निऑन रंग त्या उजेडात स्वतःच चमकतात, डिंक बाजूलाच राहतो.

एवढं करूनही मन साशंक असेल तर पैसे देऊ नका. आणि कुणी पाच-सहा हजारांत नवा कोरा ग्रिंच देत असेल तर तपासायचेही कष्ट घेऊ नका.

सहावी पायरी: पायात घाला, पण कुठे ते बघा

प्रोट्रोच्या पंज्याखाली झूम टर्बो नावाची हवेची पिशवी आहे. नुसती हवा नव्हे. आत वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे घट्ट धागे उभे असतात. पाय आपटला की ते दबतात आणि लगेच ताणून पिशवीला आकारात आणतात, म्हणून उडी मारताना पायाखाली टणक उसळी लागते, उशी लागत नाही. पहिल्या दिवशी कडक वाटेल. चार-पाच वेळा खेळलात की पंज्याची रेघ पडते आणि बूट तुमचा होतो. पहिल्या आठवड्यात पूर्ण सामना नको, नेमबाजीचा सराव पुरे.

आता कोर्ट. एनबीएवाले, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे खेळाडू, लाकडावर खेळतात. आपण सिमेंटवर. मुंबईच्या नागपाड्यापासून गल्लीतल्या शाळेच्या मैदानापर्यंत महाराष्ट्रातलं बास्केटबॉल ज्या कोर्टांवर वाढलं, त्यांतली बहुतेक सिमेंटची, आणि सिमेंट हे सोलासाठी सहाणच. ग्रिंचच्या सोलाची नक्षी बारीक आहे, लाकडावर ती चीं करून धरते, सिमेंटवर काही महिन्यांत गुळगुळीत. उघड्या कोर्टसाठी वेगळी साधी जोडी ठेवा, नाइकीच्या बुटांत तळव्यावर ‘एक्सडीआर’ लिहिलेला टणक रबराचा सोल मिळतो तो बघून. ग्रिंच आत, लाकडी किंवा सिंथेटिक कोर्टवर. खेळायला जाताना तो पिशवीत न्या आणि कोर्टच्या कडेला घाला. पार्किंगमधली वाळू सोलात बसली की घसरायला होतं ते वेगळंच.

सातवी पायरी: धुणं, वाळवणं आणि पावसाळा

आपली एक पिढीजात सवय इथे मोडावी लागते. काहीही भिजलं, कुबट वास आला, की आपण त्याला ऊन दाखवतो. गाद्या, लोणच्याच्या बरण्या, पापड, बूट. ग्रिंचला ऊन दाखवू नका. निऑन रंग उन्हात सगळ्यात आधी उतरतात. खिडकीच्या काचेआड ठेवलेल्या बुटाचाही एका बाजूचा हिरवा काही महिन्यांत फिका पडतो आणि मग दोन्ही बूट वेगवेगळ्या घरचे वाटतात. लेस लावलेली जागा तेवढी मूळ रंगाची राहते, म्हणजे लेस काढली की वळ दिसतात.

धुवायचा असा. लेस काढा. आधी कोरडाच ब्रश फिरवा, मऊ केसांचा जुना टूथब्रश उत्तम, आणि खवल्यांच्या फटींतली धूळ बाहेर काढा. थेट पाणी लावलंत तर त्या धुळीचा चिखल होऊन जाळीत बसेल, मग निघता निघत नाही. एका वाटीत कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब किंवा लहान बाळाचा शाम्पू. कपड्यांची पावडर नको, ब्लीच तर नकोच. ब्रश ओला करून झटका, टपकता नको, आणि वळणावळणानं छोटे भाग घ्या. लगेच मऊ फडक्यानं टिपून घ्या. बूट बादलीत बुडवणं, वॉशिंग मशीनमध्ये टाकणं हे अत्याचार आहेत.

लाल लेस वेगळी धुवा, गार पाण्यात. पहिल्यांदा पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग सोडते का. ओली लाल लेस हिरव्या बुटावर रात्रभर पडू देऊ नका.

पोटात कागद भरा, पण वर्तमानपत्र नको, त्याची शाई आतल्या अस्तराला लागते. साधा कोरा कागद किंवा जुन्या सुती बनियनचा बोळा चालतो. तासाभरानं बदला. मग पंख्याखाली, सावलीत, सोल भिंतीला टेकून उभा. हेअर ड्रायर लावला तर डिंक मऊ पडेल.

पावसाळ्याचे चार महिने खरी परीक्षा. पॉलियुरेथेन आणि हवेतली वाफ यांचं जमत नाही. ओलाव्यामुळे त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात, उष्णता असेल तर लवकर. ज्या जुन्या बुटांचा मिडसोल, म्हणजे सोलाचा मधला गादीचा थर, पॉलियुरेथेनचा असतो ते न घालताच एक दिवस भाकरीसारखे कुसकरतात, नाइकीचे जुने जॉर्डन बूट जमवणाऱ्यांना हे दुःख विचारा. कोबी ६ चा मिडसोल त्या जातीचा नाही, ही चांगली बातमी. पण खवले पॉलियुरेथेनचे आहेत आणि डिंक डिंकच आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी दुप्पट काळजी घ्यावी.

माझी व्यवस्था साधी आहे. डबा लोखंडी कपाटात नाही, भिंतीला चिकटून नाही, मधल्या फळीवर. डब्याला बाजूनं दोन भोकं. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, दर महिन्याला बदललेल्या. डांबराच्या गोळ्या नाहीत, त्यांचा वास तर जात नाहीच, काही प्लास्टिकही त्या वाफेनं मऊ पडतं. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलेला बूट सुरक्षित वाटतो, पण आत अडकलेला ओलावा तिथेच राबत राहतो. आणि दर दहा-पंधरा दिवसांनी बूट बाहेर. घरात घालून दोन फेऱ्या मारल्या तरी चालतात. आत हवा खेळते, डिंकाची कड उचलली असेल तर वेळेत दिसते, बुरशीचा पांढरा ठिपका पहिल्या दिवशी सापडतो. तो सापडला तर कोरड्या फडक्यानं घराबाहेर पुसा, मग धुण्याची वर सांगितलेली रीत.

सोलाची कड सुटू लागली तर घरातला झटपट चिकटवणारा डिंक लावू नका. तो कडक होतो आणि पाय वाकताना तडकतो. स्निकर्स दुरुस्त करणारे आता पुण्या-मुंबईत आहेत. आमच्या कोपऱ्यावरचे चांभारकाकाही नीट सांगितलं तर करतात: जुना डिंक खरवडून, लवचीक चिकट लावून, दोन दिवस दाबून ठेवायचं. फक्त पॉलिशचा हात बुटाला लागणार नाही एवढं बघा. काकांनी प्रेमानं एकदा माझ्या स्वूशला काळं पॉलिश केलं होतं.

विकायचा झालाच तर

डबा, आतला कागद, बिल, जादा लेस असेल तर ती, सगळं एकत्र ठेवा. दोन वेळा घातलेला बूट ‘नवा’ म्हणून विकू नका, सोलाच्या टाचेवरची झीज जाणकाराला पहिल्या नजरेत दिसते. फोटो काढताना शेजारी पांढरा कागद ठेवा. पलीकडच्यानंही हे सगळं कुठेतरी वाचलं असेल.

माझा विकायचा नाहीये. टाचेची नक्षी उजवीकडून बोथट झालीय, कारण मी वळताना तिथे भार देतो. डाव्या पंज्याजवळचे तीन खवले कडेनं उचललेत. आणि घरी भाजीवाल्याकडून गड्डा आला की आई अजून हाक मारते, “तुझा बूट आलाय रे.”